डावऱ्या धोंडूबाईची रायफल

धोंडूबाई कराळे उजव्या हातानं फक्त जेवायची. बाकी सगळं डाव्यानं. लहानपणी आईनं पळी उगारून पाहिली, लग्नानंतर सासूनं "निदान देवाला फूल तरी उजव्या हातानं वाहा गं," म्हणून कपाळ बडवून घेतलं, पण धोंडूबाईचा हात काही बदलला नाही. भातकापणीला साधा विळा तिच्या हातात नुसता घसरायचा. शेवटी नवऱ्यानं, गोमानं, कर्जतच्या बाजारातल्या लोहाराला गाठून तिच्यासाठी उलट्या धारेचा विळा घडवून घेतला. तो हातात आल्यावर तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांना मागं टाकलं. धाकटा दीर काळूराम एकदा घाईत तोच विळा उचलून कापायला बसला आणि स्वतःचं बोट कापून घेऊन उठला. तेव्हापासून त्याचं मत कायम होतं, की वैनीच्या हातातली वस्तू आणि वैनीच्या डोक्यातली गोष्ट, दोन्हीला लांबूनच नमस्कार करावा.

त्यांचं गाव भिवपुरीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. गोमा गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. मुलगा हर्षद रसायनीला कारखान्यात कामाला, सून ऋतिका घर सांभाळून शिवणकाम करायची. शेत धोंडूबाईचं. म्हणजे सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं होती, पण शेत तिचं.

रानडुकरं पूर्वीही यायची, नाही असं नाही. पण अलीकडे वरच्या अंगाला मुंबईकरांची फार्महाऊसं झाली, कंपाउंडच्या भिंती उठल्या, आणि डुकरांची जुनी वाट वळून नेमकी धोंडूबाईच्या वालातून निघाली. एक कळप आला की शेत नांगरल्यासारखं व्हायचं. खाल्लेलं थोडं आणि उपसलेलं जास्त. तिनं शेताच्या कडेनं जुन्या साड्या बांधल्या. डबे टांगले. फटाके वाजवले. हर्षदनं एक जुना रेडिओ मोठ्या आवाजात लावून ठेवला, तर डुकरं भजनं ऐकत ऐकत निवांत वाल खाऊन गेली.

"बाबांची बंदूक हाय की," एकदा ऋतिका म्हणाली.

गोमाकडे पीक राखायचा परवाना होता आणि त्यावर एक ठासणीची बंदूक होती. तो गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा झाली होती. धोंडूबाई ती बघायला गेली. हवालदारानं आतून आणून टेबलावर ठेवली तेव्हा नळीवर एवढा गंज चढला होता, की एका जागी बोटानं दाबलं तर बोट आत जाईल असं वाटावं.

"मावशी, हिच्यातून बार काढाल तर डुक्कर वाचंल आणि तुमी जाल," हवालदार म्हणाला.

धोंडूबाईनं बंदुकीच्या लाकडावरून एकदा हात फिरवला. गोमा तिला खोबरेल लावायचा. मग ती घरी आली आणि पाय धुता धुताच तिनं जाहीर केलं, "नवी घ्यायची. माझ्या नावावर."

हर्षद हबकला. तो स्वभावानं इतका गरीब, की कोंबडी कापायची असली तर तो आधी दुकानाला जाऊन यायचा. "आई, अगं बंदूक म्हंजे काय मिक्सर हाय का?"

"मग तू घे."

हर्षदनं तो विषय तिथंच सोडला. काळूराम मात्र गप्प बसणारा नव्हता. त्याचं शेत शेजारीच. तरुणपणी आपण कुणाकुणाबरोबर शिकारीला गेलो होतो, याच्या गोष्टी तो चावडीवर सांगायचा, आणि प्रत्येक वर्षी त्या गोष्टीतलं डुक्कर थोडं थोडं वाढायचं. तो म्हणाला, "वैनी, बाईमाणसाचं काम नाय ते. बार झाला का बंदूक मागं लाथ घालते. म्हशीसारखी."

"म्हशीची लाथ खाल्लीय मी, भावजी. दूध पण काढलंय तिचं."

ऋतिकानं मोबाइलवर अर्ज भरला. पुढं चौकशी झाली, पोलीस येऊन चहा पिऊन गेले. आणि त्याच्या आधी एक नवीनच गोष्ट कळली, की बंदूक चालवायला शिकल्याचा दाखला असल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणून धोंडूबाई खालापूरच्या पुढं एका रायफल क्लबात शिकायला गेली. तिथं सगळी ट्रॅकसूट घातलेली पोरं, आणि त्यांच्यात ही नऊवारीतली. शिकवणारी जागृती पंचविशीची, चटपटीत मुलगी. तिनं बंदूक धोंडूबाईच्या उजव्या खांद्याला लावून दिली. गोळ्या कुठं गेल्या ते नेमाच्या कागदाला तर कळलंच नाही, मागच्या मातीच्या ढिगालाही कळलं असेल की नाही, शंकाच.

"काकू, तुम्ही पाण्याची बाटली डाव्या हातानं उघडलीत ना?" जागृतीनं विचारलं.

"सगळंच डाव्यानं करते, बाय. लहानपनापासनं शिव्या खाते."

"मग इथं कशाला खाता? लावा डाव्या खांद्याला."

काडतूस जागृतीच भरून देत होती, धोंडूबाईनं फक्त रोखायचं आणि चाप ओढायचा. डाव्या खांद्याला लावून तिनं मारलेल्या गोळ्या आमटीच्या वाटीत मावतील इतक्या जवळ बसल्या. ट्रॅकसूटवाली पोरं कागद बघायला गोळा झाली. धोंडूबाईला आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताबद्दल कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

जागृतीनं तिला आणखी एक गोष्ट बजावली. "काकू, रायफलची गोळी लांब जाते. डुकराला लागली तरी तिथं थांबेलच असं नाही. म्हणून आधी डुकराच्या मागं काय आहे ते बघायचं. मागं माती दिसली तरच चाप. नाहीतर डुक्कर सोडून द्यायचं."

धोंडूबाईनं ते मनात नीट बांधून घेतलं.

परवाना आला. त्यावर तीनशे पंधरा बोरची, म्हणजे त्या मापाच्या नळीची, बोल्टवाली रायफल घ्यायला मंजुरी होती. खरेदीला पुण्याला जायचं ठरलं. ऋतिका बरोबर होतीच, आणि "दुकानदार बायांना फसवतात," असं म्हणून काळूरामही इस्त्रीचा सदरा घालून आला.

दुकान कॅम्पात, एका जुन्या इमारतीत. दुकानदार साठी उलटलेला, चष्मा कपाळावर चढवून बसलेला. आत शिरताच काळूरामनं पुढाकार घेतला. भिंतीवरच्या एका काळ्या चकचकीत, वर दुर्बीण बसवलेल्या परदेशी रायफलीकडे त्यानं बोट केलं. "ती काढा. मोबाइलवर आमी बघतो, तसली पायजे."

दुकानदारानं काढून दिली. काळूरामनं दुर्बिणीला डोळा लावला आणि रस्त्यापलीकडच्या बेकरीतली खारी मोजायला लागला.

"कुठं वापरणार?" दुकानदारानं विचारलं. त्यानं काळूरामला विचारलं होतं, पण उत्तर धोंडूबाईनं दिलं.

"शेतात. डुकरं येतात वालात. लई लांब नसतात, ह्या बांधावरनं त्या बांधावर."

"मग हिच्यातून तुम्हाला डुकराच्या अंगावरची गोचीड दिसेल, ताई, पण डुक्कर कुठं आहे ते दिसायचं नाही. आणि हिच्या किमतीत तुमचं शेताचं कुंपण होऊन वर एक म्हैस येईल."

काळूरामनं ती परदेशी रायफल हळूच काउंटरवर ठेवली, जणू आता तिला धरायचेही पैसे पडतील.

मग दुकानदारानं साधी काढली. आपल्याच सरकारी कारखान्यातली, लाकडी दस्त्याची. तिला दुर्बीण नाही, नेम धरायला नुसती नळीच्या टोकाला माशी आणि मागं खाच. बोल्ट कसा चालतो ते त्यानं दाखवलं. दाराच्या कडीसारखा दांडा, वर उचलून मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढं ढकलून खाली पाडला की नवं आत बसतं. धोंडूबाईला ते बघताक्षणी आवडलं. लपवाछपवी नाही, काय होतंय ते डोळ्यांना दिसतं. तिनं रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली.

दुकानदारानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "डावऱ्या आहात?"

"व्हय."

"अडचण आहे मग. दांडा उजव्या बाजूला असतो. डाव्या बाजूचा दांडा असलेली येते, पण ती बाहेरून. ती या दुर्बीणवालीच्याही वर जाते."

"बघा!" काळूराम म्हणाला. त्याला आनंद झाला होता असं नाही, पण आपण आधीच सांगितलं होतं, हे सुख माणसाला सहजासहजी सोडवत नाही.

ऋतिकाचा चेहरा पडला. धोंडूबाईनं मात्र रायफल खाली ठेवली नाही. "उजव्या हाताच्या जगातच ऱ्हायलेय मी, शेठ. दरवाजाच्या कड्या तुमच्या बाजूनं, कात्री तुमच्या बाजूची. एवढ्यानं काय घाबरायचंय? मला जरा बसून बघू द्या."

"उभ्यानं मारणार, की टेकवून?"

"माळ्यावर बसून." शेत राखायला बांबूचा उंच माळा बांधतात, तो तिच्या शेतात होताच. "पुढं आडवा बांबू हाय. त्याच्यावर टेकवून."

"मग थांबा." त्यानं काउंटरवर वाळूची पिशवी ठेवली, स्टूल पुढं सरकवलं. काडतुसाच्या आकाराचं पितळी खोटं काडतूस आत घातलं, त्यानं बार होत नाही, नुसता सराव होतो. धोंडूबाई बसली. पिशवीवर नळी टेकली, दस्ता डाव्या खांद्यात, डाव्या हाताचं बोट चापावर. उजवा हात नळीखाली धरलेला होता, पण रायफलीचं ओझं आता पिशवी घेत होती. तो हात मोकळाच होता. तिनं तो मागं आणला, दांडा उचलला, ओढला, ढकलला, पाडला. डोळा माशीवरून हलला नाही, खांदा हलला नाही, डावा हात जागचा सुटला नाही.

तिनं पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. कापणीला डावा हात विळा चालवतो आणि उजवा मूठ आवळतो, तसंच होतं हे. दोन हातांनी आपापलं काम वाटून घ्यायचं, एकमेकांच्या वाटेत यायचं नाही.

दुकानदार हसला. "उजव्या माणसाला दांडा ओढताना चापावरचा हात काढावा लागतो. तुम्हाला नाही काढावा लागत. टेकवून मारणार असाल तर तुमचं बरंच आहे."

"म्हंजे माझी अडचन नाय, तुमची हाय," धोंडूबाई म्हणाली, आणि तो मोठ्यानं हसला.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. नवी रायफल तिला लांब पडत होती. ती बुटकी, हात आखूड. चापापर्यंत बोट पोचवायला मान ताणावी लागत होती. तिनं तसं सांगितलं. दुकानदार थोडा विचारात पडला, आत गेला आणि एक वापरलेली घेऊन आला. तीच जात, तोच बोर, पण दस्ता मागून कापून आखूड केलेला.

"आधीचा मालक तुमच्याच उंचीचा होता," तो म्हणाला. "मुलांना नको होती म्हणून विकायला ठेवली. नव्यापेक्षा बरीच स्वस्त पडेल. पण वापरलेली घेताना दिसण्यावर जाऊ नका, आत बघा." त्यानं बोल्ट काढला आणि नळी खिडकीकडे धरली. धोंडूबाईनं डोळा लावला. आतून नळी लखलखत होती आणि तिच्यात पीळ घातल्यासारखे आटे दूरवर फिरत गेले होते, कुठं गंजाचा डाग नाही. लाकडावर ओरखडे होते, एका ठिकाणी पॉलिश उडालं होतं. तिनं ती खांद्याला लावली. बोट आपसूक चापावर गेलं.

"वैनी, जुनी?" काळूराम कुजबुजला. "गावात काय सांगायचं? एवढं पुण्याला जाऊन जुनी आनली?"

"भावजी, बैल घेताना तुमी दात बघता का शिंगाचा रंग?"

रायफल घेतली. थोडी काडतुसं घेतली, परवान्यावर नोंद झाली, आणि परतीच्या वाटेवर रेल्वेनं घाट उतरताना काळूराम सगळ्या डब्याला सांगत होता, की आपण नसतो तर दुकानदारानं ती परदेशी गळ्यात मारली असती.

पण रायफल आली म्हणून उठून डुक्कर मारता येत नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. त्या भागाचा वनरक्षक देवेश येऊन नुकसान बघून गेला आणि पुढं परवानगी घेऊन आला. त्यानं ओट्यावर बसून सगळ्या अटी वाचून दाखवल्या. स्वतःच्याच शेतात मारायचं, मारताना तो हजर असणार, आणि मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात. काळूरामला "मारायला परवानगी" एवढंच ऐकू आलं. पुढचं त्याच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं, कारण तोवर तो मनातल्या मनात वाटे घालायला लागला होता.

पहिल्या संध्याकाळी माळ्यावर धोंडूबाई, तिच्या मागं देवेश, आणि खाली बांधाआड काळूराम. ऊन डोंगरामागं गेलं पण उजेड होता. ओढ्याच्या बाजूनं झुडपं हलली आणि एक दांडगं डुक्कर, मागं तीन-चार लहान, सरळ वालात उतरलं. धोंडूबाईनं दस्ता खांद्यात घट्ट बसवला. नळी बांबूवर होती. माशी डुकराच्या खांद्यावर आली. आणि मग तिनं डुकराच्या मागं बघितलं. मागं बांध नव्हता. मागं वीजकेंद्राच्या वसाहतीकडं जाणारा रस्ता होता, त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं.

तिनं बोट चापावरून काढलं. डुकरांनी पोटभर खाल्लं आणि ती निघून गेली.

"वैनी!" काळूराम बांधाआडून उठला, त्याला रडू यायचं बाकी होतं. "समोर हुतं गं! म्हातारी बाई बी काठीनं मारंल इतकं समोर!"

"मागं मानूस हुतं."

"ते काय डुकराच्या पाठीवर बसलं हुतं?"

देवेश मात्र खाली उतरला आणि जाताना तिला वाकून नमस्कार करून गेला. गावात मात्र दोन दिवस चेष्टा झाली. नळावर एकीनं विचारलं, "धोंडूमावशी, रायफलीला भाकरी बिकरी घालता का नाय? वाजत नाय म्हनून इचारलं." धोंडूबाई हसली, हंडा डोक्यावर घेतला. पण घरी आल्यावर तिनं माळा उतरवला आणि हर्षद आणि ऋतिकाला हाताशी घेऊन तो शेताच्या खालच्या अंगाला नेऊन बांधला. आता वालात कुठंही डुक्कर उभं राहिलं तरी त्याच्या मागं डोंगराकडचा उंच मातीचा बांधच येणार होता.

डुकरं पुन्हा आली, त्याच सुमाराला. दांडगं डुक्कर बांधाच्या पुढ्यात आडवं उभं राहिलं. धोंडूबाईनं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

आवाज डोंगरावर जाऊन परत आला. खांद्याला धक्का बसला, म्हशीच्या लाथेपेक्षा बराच कमी. डुक्कर जागीच बसलं आणि कलंडलं. उजवा हात आपला आपण दांड्यावर गेला होता, नवं काडतूस आत बसलंही होतं, पण बाकीची झुडपात पळाली होती. तिनं बोल्ट उघडून काडतूस काढून घेतलं. मग खाली उतरली, त्या जनावराजवळ गेली आणि डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले. देवेशनं तिला पाण्याची बाटली दिली, ती तिनं डाव्या हातानं उघडली आणि निम्मी अंगावर सांडली.

बार ऐकून गाव आलं. नुसतं नाही आलं, भांड्यांसकट आलं. कुणाकडे टोपली, कुणाकडे पातेलं. काळूराम धार लावलेला कोयता घेऊन पुढं. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, सकाळीच मसाला वाटून ठेवला होता.

"थांबा," देवेश म्हणाला. "पंचनामा होईल आणि मग पुरायचं."

"पुरायचं?" काळूरामला शब्द कळला नाही. "काय पुरायचं?"

"डुक्कर."

"आख्खं?"

"आख्खं. वाचून दाखवलं होतं, काका."

"मुंडी बी?"

देवेशनं मान डोलावली. काळूराम बांधावर खाली बसला. धोंडूबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला इतका वेळ दाबलेलं हसू फुटलं. ती हसायला लागली तशी भागूबाई हसली, मग ऋतिका, आणि शेवटी पातेलीवाले सगळे. ज्यांनी वाट्यासाठी कोयते आणले होते त्यांनीच फावडी आणली आणि खड्डा खणला. मेहनत फुकट, वर पदरात काही नाही. गावाचे चेहरे बघून धोंडूबाईला राहवेना.

"उद्याच्याला पोपटी लावू," ती म्हणाली. "वाल वाचलाय. या सगळे."

"आनि माझा मसाला?" भागूबाईनं विचारलं.

"कोंबड्याला लाव. तुझा तो लाल कोंबडा पहाटे लई आरडतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोपटीसाठी शेतातच मडक्याला भांबुर्डीचा पाला लावला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी थराथरानं भरली, वर ओवा-मीठ, आणि मडकं उपडं करून पेंढ्याचा जाळ केला. हर्षद कोंबडा कापताना दुकानाला गेला होता, तो शेंगा निघाल्यावर बरोबर परत आला. काळूरामनं दोन वेळा वाढून घेतलं आणि डुक्कर कसं आपल्याच इशाऱ्यावर मारलं गेलं, ते सांगितलं.

डुकरं धोंडूबाईच्या वालात त्या हंगामात पुन्हा उतरली नाहीत. ती शहाणी, एका बारानं वाट बदलली. वाट बदलून ती काळूरामच्या शेतात गेली.

चौथ्या दिवशी सकाळी काळूराम ओट्याखाली येऊन उभा राहिला. चप्पल काढली. चहा पुढं आला तरी हात लावीना.

"वैनी, आज आमच्याकडं बसशील का माळ्यावर? येक बार. येकच."

"परवानगी माझ्या शेतापुरती हाय, भावजी. तुमचं शेत तुमच्या नावावर. अर्ज तुमाला करावा लागंल."

"मंग करू की. ऋतिकाला सांग मोबाइलवर."

"आनि शिकावं लागंल. दाखला लागतो." धोंडूबाईनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. "तुमी तर जुने शिकारी. तुमाला काय अवघड?"

काळूरामनं कपातली साय बोटानं बाजूला केली. मग आतून कुणी ऐकत नाही ना, हे बघून हळूच म्हणाला, "वैनी, मी हाका उठवायला जायचो. डबा वाजवायला. बंदूक कदी हातात नाय घेतली गं. आवाजाला कानावर हात ठेवायचो."

धोंडूबाईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "मंग सोमवारी चला माझ्याबरोबर खालापूरला. पोर चांगली हाय शिकवनारी."

सोमवारी दोघं गेली. जागृतीनं काळूरामच्या कानांना मोठाले कानबंद लावून दिले, त्यानं त्यांच्याखाली आणखी कापूस कोंबला. पहिल्या बाराला त्यानं डोळे मिटले, दुसऱ्याला एक उघडा ठेवला. धोंडूबाई मागच्या बाकावर शेंगदाणे खात बसली होती.

"भावजी," ती ओरडली, "दुसरा बी उघडा!"

कापसामुळे त्याला ऐकू गेलं नाही. पण गोळी मात्र कागदाच्या कोपऱ्याला लागली, आणि तो वळून असा हसला की ट्रॅकसूटवाल्या पोरांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.